जाडीवर मुदत देणारे घाटोळे काका

परवा पुण्यात एका लायब्ररीत नाव घातलं. काउंटरवरच्या मॅडमनी माझं पुस्तक उघडलं, धप्पकन शिक्का मारला आणि म्हणाल्या, "चौदा दिवस."

मी पटकन बोलून गेले, "न मोजताच?"

"काय मोजायचं?"

"जाडी."

त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी पुस्तक उचलून सरळ बाहेर आले आणि पायऱ्यांवर बसून एकटीच हसत सुटले. म्हटलं, आता लिहूनच टाकते. आत्ताच्या आत्ता. घाटोळे काकांबद्दल.

तर मी भोपाळची. म्हणजे भोपाळमधल्या एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपची. गोविंदपुऱ्याकडून आलं की आधी छोटी छोटी वर्कशॉप लागतात, मग आमची लांबच लांब भिंत, मग आम्ही. शाळा आत, दवाखाना आत, दूध आत, भांडणं आत. बाहेर जायचं म्हणजे बिट्टन मार्केटला भाजी आणायला, आणि त्यालासुद्धा आई साडी बदलायची. या भिंतीच्या आत, क्लबच्या मागच्या एका लांबट खोलीत लायब्ररी होती. पूर्वी तिथे टेबल टेनिस खेळायचे, फरशीवर पांढऱ्या रेघा अजून होत्या. हिंदीची अकरा कपाटं, मराठीची चार, आणि एका टेबलामागे घाटोळे काका.

लोक खिशाला पेन लावतात, काका व्हर्नियर लावायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पोलादी पट्टी असते, तिला दोन जबडे. वस्तू मधे धरायची, जबडा सरकवायचा, जाडी एकदम अचूक कळते. कारखान्यात टर्नर लोकांकडे असतो. काका टर्नरच होते. वर्ध्याकडचे. सोळा वर्षं एकाच लेथवर, म्हणजे लोखंड गरगर फिरवून कापायच्या मशीनवर, उभे राहिले, आणि एक दिवस त्या लेथसमोर त्यांना झटका आला, म्हणजे फेफरं, हिंदीत ज्याला दौरा म्हणतात ते. शेजारच्या मशीनवरच्या माणसानं मागे ओढलं म्हणून हात वाचला. मेडिकल बोर्डानं लिहून दिलं, फिरत्या मशीनजवळ हा माणूस नको. मग हलकी ड्यूटी म्हणून लायब्ररी. तेव्हापासून सायकल बंद. बाथरूमची कडी लावणं बंद. टाउनशिपच्या गेटबाहेर एकट्यानं जाणं बंद. क्वार्टर ते लायब्ररी तीनशे दहा पावलं, एवढंच जग. हा आकडा त्यांचाच, मी नाही मोजला!

मी सहावीत असताना आई आणि आजीबरोबर पहिल्यांदा तिथे गेले. एका क्वार्टरला एक कार्ड, एका कार्डावर सहा पुस्तकं. मी धावत जाऊन भुताच्या गोष्टींचं एक पुस्तक उचललं आणि टेबलावर ठेवलं. काकांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"क्वार्टर?"

"एकशे चौदा, बी सेक्टर," आई म्हणाली.

"माणसं किती?"

"पाच."

"म्हातारं कोणी?"

"मी आहे," आजी म्हणाली. "पण म्हातारं कोणाले म्हणता?"

"बरं. चष्म्याचं माणूस एक," काकांनी कार्डावर लिहिलं. "साहेब कोणत्या शिफ्टले?"

"या आठवड्यात सेकंड."

"जेवताना टीव्ही चालू राह्यते का बंद?"

"बंद असतो," आई म्हणाली.

"काऊन खोटं बोलतेस गं?" आजी म्हणाली. "चालू असतो."

काकांनी तेही लिहिलं. मग माझ्याकडे वळले. "हे तुले पायजे का घराले पायजे?"

"मला."

"कार्ड कोणाचं हाय?"

"बाबांचं."

"नाही. कार्ड क्वार्टरचं हाय. एकट्यानं वाचून ठेवून देशील असं पुस्तक म्हणजे घरी आलेला पाहुणा. आला, जेवला, गेला. घरातल्या दोघांनी तरी वाचलं पायजे, तवा ते घरचं होते."

मग ते उठले आणि कपाटांमधून फिरून सहा पुस्तकं घेऊन आले. कपाटं कशी लावलेली होती माहितीये? शिफ्टप्रमाणे! एक कपाट फर्स्ट शिफ्टवाल्यांचं. "हा माणूस दुपारी तीनले घरी येते, जेवून पडते, याले वीस-वीस पानाच्या गोष्टी." एक सेकंड शिफ्टवाल्यांचं. नाइट शिफ्टच्या कपाटात रहस्यकथा नाहीच, कारण "सकाळी झोपायचं सोडून वाचत बसते आन् मंग रात्री मशीनवर पेंगते." खालचे दोन खण मोठ्या टायपाचे, आजी-आजोबांना बसूनच काढता यावीत म्हणून समोर स्टुलासकट. एकदा वेलफेअरचे एक साहेब तपासणीला आले आणि म्हणाले, विषयवार लगाइए. काका म्हणाले, "साब, आदमी के पास विषय नहीं होता, टाइम होता है." साहेबांनी ते बोलणं लिहून नेलं, आणि कपाटं तशीच राहिली.

आणि मग व्हर्नियर. सहापैकी सगळ्यात जाड पुस्तक काका जबड्यात धरायचे, डोळे बारीक करायचे. एक मिलिमीटर म्हणजे एक दिवस. आजीची ती कादंबरी एकोणतीस मिलिमीटर भरली, म्हणजे सहाच्या सहा पुस्तकांना एकोणतीस दिवस. आणि परत करायची तर सगळी एकत्र, सुतळीनं बांधलेलं एकच बंडल. अधेमधे एकेक बदलून मिळणार नाही. यात खरी गंमत होती. दादाचं सहा मिलिमीटरचं रेडिओ दुरुस्तीचं पुस्तक दोन दिवसांत संपलं. पुढचे सत्तावीस दिवस काय करणार? माझं घेतलं. मग आईचं. मग एका दुपारी मी बघते तर माझा तो उनाड दादा आजीच्या कादंबरीत नाक खुपसून बसलाय आणि आजी ओरडतेय, "माझी खूण कोणी काढली रे!" आणि आजीनं, खोटं नाही सांगत, रेडिओ दुरुस्तीचं पुस्तक पूर्ण वाचलं. नंतर आमचा जुना ट्रान्झिस्टर खरखरला की ती म्हणायची, "कंडेन्सर गेला असेल." गेलेलाच असायचा, बरं का!

आजी आणि काकांची जुंपायची ती मोजण्यावरून. "घाटोळे, हे पुस्तक पावसाळ्यानं फुगलंय. तुम्ही दाबून काऊन मोजता?"

"आजी, फुगा मोजून राहिलो काय मी? कागद मोजून राहिलो."

"मला दोन दिवस जास्त पाहिजेत."

"मंग दोन मिलिमीटर जास्तीचं पुस्तक न्या."

खोलीत काका एकटे कधीच नसायचे. खिडकीखालच्या बाकावर, वर्तमानपत्रांच्या शेजारी, घाटोळे काकू बसलेल्या असायच्या. लहानशा, ताठ. मांडीवर ताट. कधी मटार, कधी मेथी, कधी निवडायचे गहू. सकाळी काकांबरोबर यायच्या आणि त्यांच्याबरोबरच जायच्या. सगळी टाउनशिप त्यांना चिडवायची. "काय काकू, पहारा?" विचारलं की त्या म्हणायच्या, "मंग! इतक्या पुस्तकाइमधली एखादी बाई आवडून गेली तर?"

सगळ्या घरांना पुस्तकं शोधून देणाऱ्या काकांना या एका माणसासाठी पुस्तक सापडलं नव्हतं. रोज एक नवीन काकूंच्या ताटाशेजारी ठेवायचे. संध्याकाळी ते तिथेच असायचं, कधी कधी वर मटाराची सालं.

"वाचत काऊन नाही तू?"

"वेळ नाही."

"दिवसभर बसून तर राहते!"

"बसणं हेच काम हाय मले," काकू म्हणायच्या. मला तेव्हा वाटायचं, काय आळशी बाई आहे यार.

टेबलही काकांनी मुद्दाम अशा जागी ओढून घेतलं होतं की जाळीच्या खिडकीतून कारखान्याच्या शेडची छपरं दिसावीत. भोंगा झाला की ते खुर्चीतून अर्धे उठायचे. दर वेळी. मग आठवायचं आणि परत बसायचे. लोक बाहेरचं काही सांगायला लागले की काम सोडून ऐकायचे. मी बिट्टन मार्केटला जाऊन आले कळलं की विचारायचे, "गर्दी होती? धक्का लागला काय? कोणत्या बाजूनं लागला?" मी हसायचे. धक्क्याची काय चौकशी! पण त्यांना तो धक्का हवा होता, हे मला आत्ता हे लिहिताना कळतंय.

आता बंडलची गोष्ट सांगते, ती सांगितल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. मी सातवीत असेन. लायब्ररीत बांधून ठेवलेलं, वर क्वार्टर नंबराची चिठ्ठी असलेलं बंडल आम्ही घरी आणलं, आजीनं सुतळी सोडली, आणि आतून निघालं काय? बाळाची नावं. गरोदर स्त्रीचा आहार. बाळाचे स्वेटर. कुंडीतल्या भाज्या. आजीनं चष्मा पुसला. परत बघितलं. मग हळूच आईकडे बघितलं.

"सांगायचं होतं गं मला. मी काय नाही म्हणणार होते?"

"अहो आई, काहीतरीच काय!" आई लालेलाल. आईचं वय तेव्हा एकेचाळीस. दादा पोट धरून लोळतोय, मला काही कळत नाहीये, आणि बाबा फर्स्ट शिफ्टवरून आले तर आजी त्यांना दारातच म्हणाली, "अभिनंदन."

झालं असं होतं की ए सेक्टरमध्येही एकशे चौदा नंबर होता. तिथे एक नवीन जोडपं राहायचं, बाईला दिवस गेले होते. त्यांचं बंडल आमच्याकडे आणि आजीचं 'सुबोध हरिपाठ' नि दादाचं बॅटरीचं पुस्तक त्यांच्याकडे. गंमत म्हणजे आम्ही ते वाचलंच सगळं. बाबांनी आहाराचं पुस्तक इतकं मनावर घेतलं की महिनाभर आम्हाला रोज सकाळी मोड आलेली मटकी.

पण त्याच संध्याकाळी घाटोळे काकू आमच्या दारात उभ्या होत्या. काकांना क्वार्टरमध्ये शेजारणीजवळ बसवून धापा टाकत आलेल्या. "वहिनी, चूक माझी हाय. चिठ्ठी मीनं बांधली. कोणाजवळ बोलू नका बरं. ऑफिसमधी तर बिलकुलच नको."

"अहो, एवढं काय त्यात? हसलो आम्ही खूप," आई म्हणाली.

काकू हसल्या नाहीत. पाणी प्यायल्या आणि लगेच निघाल्या.

वर्षातून एक दिवस काका कारखान्यात जायचे. विश्वकर्मा पूजेला. त्या दिवशी चारपर्यंत सगळ्या मशीन बंद, धुऊन-पुसून हार घातलेल्या, आणि घरच्या लोकांना आत सोडतात. बायका-पोरं, आज्या, सगळी जत्रा. बोर्डाचा नियम फिरत्या मशीनचा होता, तेवढ्या वेळात काहीच फिरत नसायचं. म्हणून काका यायचे, इस्त्रीची पँट, भांग पाडलेला, फॅमिलीच्या रांगेत, काकूंच्या मागे. आत गेले की सरळ त्यांच्या लेथशी. बाकी लोक प्रसाद खायचे. काका लेथच्या चकवर, म्हणजे जॉब, ज्यावर काम करायचं तो लोखंडी तुकडा, पकडणाऱ्या त्या गोल तोंडावर, तळवा ठेवून उभे राहायचे. कोणी पोरगं आलं की सांगायचे, "हे आपली मशीन." आपली. त्यावर दुसराच माणूस काम करायचा, तो बिचारा बाजूला उभा राहून मान डोलवायचा.

एकच ध्यास होता त्यांना. परत शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या त्यांच्या शेडमध्ये, जायचं. नियम असा होता की तीन वर्षं एकही झटका आला नसेल तर बोर्ड फेरतपासणी करतं. काका सगळ्यांना सांगायचे, "मले तर त्या दिवसानंतर एकबी नाही आला. आठ वर्षं झाले." मी नववीत होते तेव्हा त्यांचा अर्ज मंजूर झाला आणि मार्चची तारीख मिळाली. अरे, काय तो माणूस! डांगरी, म्हणजे कामावरचा तो निळा सूट, धुऊन कडक इस्त्री करून लायब्ररीच्या खिळ्यालाच टांगली. आणि जो कोणी त्यांच्या जागी येईल त्याच्यासाठी प्रत्येक घराचा एक कागद लिहायला घेतला. आमचा मी चोरून वाचला होता. "११४ बी. आजी भांडते, भांडू द्यावे. साहेब थकून येतो, मोठे देऊ नये. पोरीने भुताचे मागितले तर एक द्यावे, वाया जाणार नाही, आजी पण वाचते." आजी खरंच वाचायची, रात्री, पांघरूण डोक्यावर घेऊन! काकांना कसं कळलं असेल?

त्याच फेब्रुवारीतली दुपार. मी परीक्षेचा अभ्यास करायला लायब्ररीत बसले होते. काउंटरवर तीन-चार माणसं. काकांनी एक पुस्तक व्हर्नियरमध्ये धरलं, डोळे बारीक केले, आणि तसेच राहिले. मला वाटलं मोजतायत. मग त्यांचे ओठ हलायला लागले, काही चावल्यासारखे. डावा हात शर्टाचं एकच बटण चाचपत राहिला, चाचपत राहिला. डोळे उघडे, पण आत कोणी नाही.

काकू उठल्या. ताट खाली ठेवलं, आवाज न करता. टेबलापाशी जाऊन काका आणि रांग यांच्या मधे उभ्या राहिल्या आणि रांगेला म्हणाल्या, "थांबा जरा. काका हिशोब करून राहिले मुदतीचा." लोक थांबले. एक जण म्हणाला, "काकांचं काम पक्कं." काकूंनी त्यांच्या हातातला व्हर्नियर हळूच काढून घेतला, आणि पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मिनीटभर. मला वाटतं माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब मिनीट.

मग काकांनी श्वास घेतला, मान हलवली. "हं. किती भरलं?"

"बावीस," काकू म्हणाल्या.

"बावीस दिवस," काकांनी लिहिलं.

मी ते पुस्तक बघत होते. बारीकसं. दहासुद्धा भरलं नसतं.

काका विसरले नव्हते, लपवतही नव्हते. त्यांना माहीतच नव्हतं! त्यांच्यासाठी ते मिनीट झालंच नव्हतं. पहिला झटका आला तेव्हा ते खाली पडले होते, म्हणून झटका म्हणजे पडणं, एवढंच त्यांना ठाऊक. आणि मला एकदम आमचं ते बंडल आठवलं, आणि काकूंच्या धापा. ती चिठ्ठी चुकली तेव्हाही असंच एक मिनीट झालं असणार.

काकूंनी मान वळवली तर मी बघतेय. त्या माझ्याजवळ आल्या. "तूनं पाह्यलं काय?"

"हो."

"मंग नको पाहू," त्या म्हणाल्या आणि मटार सोलायला बसल्या.

आठ-दहा दिवसांनी काकू फॉर्म घेऊन आमच्याकडे आल्या. बोर्डाला घरच्या माणसाचं लेखी लागत होतं. हिंदीतला सरकारी फॉर्म, त्यांना नीट लागेना. आई म्हणाली, तू वाचून दाखव. मी वाचलं. "क्या पिछले तीन वर्षों में कर्मचारी को कोई दौरा पड़ा है?" पुढे दोन चौकोन. हाँ. नहीं.

"'नहीं' कोणता?" काकूंनी विचारलं.

मी बोट ठेवलं. त्यांनी पेन त्या चौकोनावर नेलं. आणि नेलेलं तिथेच राहिलं. आईनं चहा ठेवला होता तो उतू गेला, कोणी उठलं नाही.

"त्याइले सांगितलं नाही मी कधी," काकू म्हणाल्या. "पह्यल्या वेळेस सांगणार होती. पण ते म्हणे, पाह्य, सहा महिने झाले, एकबी नाही. इतके खूश. मंग कसं सांगू? मंग अजून एक झाला. मंग अजून."

आई म्हणाली, "वहिनी, पण लेथवर..."

"तेच न. लोकाइच्या मधात मी उभी राहू शकतो. मशीनच्या मधात कशी उभी राहू?"

त्यांनी पेन उचललं आणि दुसऱ्या चौकोनात खूण केली. हाँ. मग खाली छोट्या अक्षरात होतं, यदि हाँ, तो कितनी बार. मी ते वाचायचं टाळलं होतं. त्यांनीच विचारलं, "ह्या रेघेवर काय पायजे?" मी सांगितलं.

"सत्तावीस," काकू म्हणाल्या, एका दमात. जाताना दारात थांबल्या. "आता मले घरात घेतील का नाही, देव जाणे."

बोर्डात पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत म्हणे. डॉक्टर म्हणाले, "घाटोळेजी, आपकी पत्नी ने तो सत्ताईस लिखा है."

लायब्ररी तीन दिवस बंद. चौथ्या दिवशी काका आले. पुढे काका, वीस पावलं मागे काकू. खिळ्यावरची डांगरी नव्हती. काका टेबलाशी बसले, काकू बाकावर. दोघं बोलत नव्हते. ताटाशेजारी पुस्तक ठेवणंही बंद. आणि व्हर्नियर खिशात नव्हता. कोणी काहीही आणलं की न बघता शिक्का मारायचे. चौदा दिवस. पोथीला चौदा, पोरांच्या चित्रांच्या पुस्तकाला चौदा. "घरात कोणाले पायजे?" हेसुद्धा विचारेनात. ज्याला जे उचलायचं ते उचला. आणि भोंगा झाला तरी ते खुर्चीतून हलायचे नाहीत. ते बघवायचं नाही मला. महिना गेला असा.

शेवटी एक दिवस लायब्ररीत आजी स्टुलावरून उठली. सगळ्यात जाड कादंबरी शोधून काढली आणि काउंटरवर आदळली. "मोजा."

"चौदा दिवस, आजी."

"मोजा म्हणते ना मी!"

"काय मोजू?" काकांचा आवाज चढला. पहिल्यांदाच ऐकला मी तो. "मी मोजलेलं खरं हाय का खोटं, मलेच मालूम नाही! आठ वर्षं लोकाइले काय-काय आकडे देल्ले, कोणाले मालूम? एक माणूस मोजून राहिला आन् तो तिथं हायच नाही. याच्यावर कोण इस्वास ठेवीन?"

दाराकडे एक पोरगा उभा होता, तो पुस्तक ठेवून पळाला.

काकू बाकावरून उठल्या. टेबलाचा खण उघडला, व्हर्नियर काढला, पदराला पुसला आणि काकांच्या पुढ्यात धरला. "शॉपमधी तुम्ही जॉब मोजत होते, तवा इन्स्पेक्टर येऊन पुन्हा मोजत होता का नाही?"

काका जाळीच्या खिडकीकडे बघायला लागले.

"होता का नाही?"

"होता."

"तवा तर तुम्हाले राग येत नव्हता. मोजा. मी पाह्यतो."

मग काकांनी व्हर्नियर घेतला. कादंबरी जबड्यात धरली, डोळे बारीक केले. "चौतीस."

काकूंनी चष्मा लावला, वाकून पट्टी वाचली. सावकाश. "चौतीस," त्या म्हणाल्या.

आजी म्हणाली, "फुगलंय ते. तेहेतीसच धरा, मला सवलत नको." आणि कादंबरी काखेत मारून निघाली. आजीनं आयुष्यात पहिल्यांदा एक दिवस परत दिला होता!

त्या दिवसापासून मुदतीच्या चिठ्ठीवर दोन सह्या यायला लागल्या. एक काकांची, एक काकूंची. बोलणं लगेच सुरू झालं असं नाही. नुसते आकडे. "अठरा." "अठरा." "सात." "सात." पण मी मोजत होते, दिवसात साठ-सत्तर शब्द तरी होत होते! आणि काका मधेच थांबले, बटण चाचपायला लागले, तर काकू आता रांगेला काही खोटं सांगत नव्हत्या. "दोन मिनीट थांबा," एवढंच. नंतर काका विचारायचे, "झाला काय?" "हो, झाला." "बरं. दे, पुन्हा मोजतो."

त्याच वर्षी बाबांची बदली झाली. सामान बांधून झालं होतं, पण विश्वकर्मा पूजा तीन दिवसांवर होती, तर मी हट्ट करून ती बघायला थांबायला लावलं. शॉपमध्ये नेहमीचीच जत्रा, फुगे, बुंदी, पोरं क्रेनखाली धावतायत. काका त्यांच्या लेथशी होते. झेंडूचा हार चकवर. आदल्या शिफ्टचा एक अर्धवट जॉब तसाच आत पकडलेला राहिला होता, चकचकीत गोल दांडा. काकांनी हार जरा बाजूला सारला, हातानंच चक थोडा फिरवला, खिशातून व्हर्नियर काढला आणि दांडा मोजला. मोजून व्हर्नियर तसाच दांड्यावर धरून ठेवला, काकूंना वाचता यावं म्हणून बाजूला सरकून. काकूंनी एका हातानं त्यांच्या शर्टाचं मागचं टोक घट्ट धरलं होतं. ते न सोडता त्या पुढे वाकल्या आणि वाचायला लागल्या.

तेवढ्यात सिक्युरिटीवाला ओरडत आला, "चलिए, फैमिली वाले बाहर! चार बजे मशीन चालू होगी!"

"थांबा, भाऊ," काकू वर न बघता म्हणाल्या. "वाचून राहिलो."

त्यांनी वाचलं, आकडा सांगितला. गर्दीत मला ऐकू आला नाही. काकांनी मान हलवली, हार परत सरळ केला, आणि दोघं फॅमिलीच्या रांगेत शिरून गेटकडे चालायला लागले. भोंगा झाला. काका अर्धे वळले. काकूंच्या मुठीतला शर्ट ताणला गेला. मग ते पुढे चालायला लागले.